खोलीपुरता आवाज

पाचशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात माइक न लावता गिटार वाजवली, तर मागच्या रांगांना वादकाची बोटं हलताना दिसतील, ऐकू मात्र जेमतेम येईल. सनई, पखवाज, व्हायोलिन यांचं असं होत नाही. गिटारचा पिंडच हळू आवाजाचा. स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी मोठमोठ्या सभागृहांत माइकविना मैफली केल्या हे खरं, पण त्यासाठी श्रोत्यांना अगदी चिडीचूप बसावं लागे. गिटारचा आवाज वाढावा म्हणून कारागिरांनी शंभर वर्षं खटपट केली. पेटी मोठी केली, तारा बदलल्या, आतल्या पट्ट्यांची रचना बदलली आणि १९३०च्या दशकात शेवटी विजेची मदत घेतली.

या खटपटीच्या गोष्टी सांगताना एक साधी बाब बाजूला पडते. गिटार वाढली ती बैठकीच्या खोलीत, चार-सहा माणसांत. तिथे तिचा आवाज कमी पडत नाही, उलट गाणाऱ्याच्या आवाजाखाली तो बेताचा बसतो. त्यामुळे घरी हौसेनं वाजवणाऱ्यानं स्वतःला स्टेजवरच्या कलाकाराची कच्ची आवृत्ती समजायचं कारण नाही. हे वाद्य आणि त्याच्यासाठी लिहिलेलं बरंचसं संगीत या घरच्या हौशी वादकासाठीच आहे.

शिकणाऱ्यांसाठी छापलेली पुस्तकं

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात १५३६ साली लुईस मिलान या वादकाचं ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक छापलं गेलं. ते होतं विहुएला या गिटारच्याच कुळातल्या वाद्याचं. ज्यानं हे वाद्य कधी हातातही धरलेलं नाही, त्याला शिकवण्यासाठी ते लिहिलेलं होतं. आधी सोप्या रचना, मग अवघड. पानावर आडव्या रेषा म्हणजे तारा आणि रेषांवरचे आकडे म्हणजे कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचं ते. सर्वांत बारीक तार मिलाननं सर्वांत वरच्या रेषेवर दाखवली होती. आज इंटरनेटवर कुठल्याही गाण्याचा जो ‘टॅब’ मिळतो, तो असाच दिसतो. टॅबवरून शिकणं म्हणजे पळवाट, असं कुणी हिणवलं तर या पळवाटेला जवळजवळ पाचशे वर्षांची परंपरा आहे, हे त्याला खुशाल सांगावं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस आणि व्हिएन्नामध्ये घरगुती गिटारवादनाची लाटच आली. प्रकाशकांनी या हौशी गिऱ्हाइकांसाठी सोप्या रचना छापल्या. शूबर्टची काही गाणी तर पियानोऐवजी गिटारच्या साथीसह बाजारात आली. फर्नांदो सोर (१७७८–१८३९), मॉरो ज्युलिआनी (१७८१–१८२९) आणि मातेओ कार्कासी (१७९२–१८५३) हे त्या काळातले मोठे वादक. त्यांनी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेले धडे आजही जगभर वाजतात. गंमत म्हणजे सोर आणि कार्कासी या दोघांचीही पंचवीस धड्यांची पुस्तकं ‘ऑपस ६०’ याच क्रमांकाची आहेत. सोरचे पहिले धडे एका वेळी एकच स्वर वाजवण्याचे; हळूहळू दुसरा स्वर त्याच्या सोबतीला येतो. हे सगळं केव्हाच कॉपीराइटमुक्त झालं आहे, त्यामुळे फुकट आणि उजळ माथ्यानं उतरवून घेता येतं.

सोरच्या काळातली गिटार आजच्यापेक्षा लहान, कमरेत बारीक होती. आपल्याकडच्या दुकानांत जी मोठी, रुंद कमरेची गिटार सर्रास दिसते, तिला ‘ड्रेडनॉट’ म्हणतात. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं हा आकार १९१६ साली घडवला आणि ब्रिटिश आरमाराच्या त्या वेळच्या अजस्र युद्धनौकेचं नाव त्याला मिळालं. तिचा खर्ज दणदणीत असतो. पण लहान चणीच्या माणसाला किंवा शाळकरी मुलाला ती कवेत घेणं जड जातं, उजवा खांदा उचलला जातो आणि अर्ध्या तासात पाठ बोलू लागते. घरात वाजवायचं असेल, तर लहान पेटीची गिटार घेण्यात काहीच कमीपणा नाही.

कागदाची गिटार

आजची क्लासिकल गिटार ज्यानं घडवली, तो अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) स्पेनच्या अल्मेरियाचा. तारेची नट (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (वरच्या फळीवरचा तारांचा टेकू) ही ६५० मिलिमीटरची लांबी त्याच्या वाद्यांपासूनच रूढ झाली. आवाज नेमका कुठून येतो याबद्दल त्याची मतं ठाम होती आणि १८६२ मध्ये त्यानं ती वाद्य घडवूनच दाखवून दिली. एका गिटारची पाठ आणि बाजू त्यानं चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. वरची फळी तेवढी चांगल्या लाकडाची ठेवली. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोरेसचं म्हणणं एवढंच होतं की, गिटार बोलते ती वरच्या फळीमुळे.

यामागचं शास्त्र सरळ आहे. तार इतकी बारीक असते की, ती एकटी हवेला फारसा धक्का देऊ शकत नाही. तिचं कंपन ब्रिजमधून वरच्या फळीत जातं. ही फळी साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. ती हलली की खोलीतली हवा हलते. पेटीतली हवा मधल्या भोकातून आत-बाहेर होत खालच्या स्वरांना बळ देते. फळी जितकी हलकी, तितका आवाज मोकळा. पण पोलादी तारांच्या साध्या संचाचा एकत्रित ताण ७०-७५ किलोच्या घरात असतो. एवढा भार अहोरात्र पेलायचा आणि तरी थरथरायचं, ही दुहेरी नोकरी त्या पातळ फळीला करावी लागते. तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार असतो, आणि त्या कशा बसवायच्या यातच कारागिराचं कसब पणाला लागतं.

नायलॉनच्या तारांचा ताण याच्या जवळजवळ निम्मा, चाळीसेक किलो. म्हणून क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची दांडी, म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत नेक, रुंद असते. नटपाशी ती सुमारे ५२ मिलिमीटर भरते, तर पोलादी तारांच्या गिटारची ४३-४४ मिलिमीटर. दोन्ही हातात घेऊन पाहाव्यात आणि मगच ठरवावं. मात्र क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. दुप्पट ताणानं ब्रिज उखडून हातात येतो.

तार कुठे छेडली यावरही आवाज पालटतो. ब्रिजजवळ छेडली तर तीक्ष्ण, टणक. भोकाच्या पलीकडे फ्रेटबोर्डच्या बाजूला छेडली तर गोल, मधाळ. तार एका वेळी अख्खी हलते, तशी अर्ध्या-अर्ध्या आणि तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शांतही हलते. ब्रिजजवळ छेडल्यावर हे लहान हिस्से जास्त जागे होतात, म्हणून तिथला आवाज धारदार. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा आणि बोट लगेच उचला. वरच्या सप्तकातला घंटेसारखा स्वर ऐकू येईल. सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरही असेच स्वर दडलेले आहेत. डाव्या हाताला अजून काही येत नसलं, तरी हा खेळ पहिल्या दिवसापासून करता येतो.

शिसव, पावसाळा आणि दोन मिलिमीटर

गिटारच्या लाकडाचा आपल्याशी थेट संबंध आहे. चांगल्या गिटारची पाठ आणि बाजू पूर्वी ब्राझीलच्या शिसवाची असे. ते लाकूड मिळणं अवघड होत गेलं, तसं मार्टिन कंपनीनं १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये ब्राझिली शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. जुन्या वाड्यांतली शिसवी कपाटं ज्या झाडाची, त्याच दक्षिण भारतातल्या आणि पश्चिम घाटातल्या शिसवाची पाठ आज जगभरातल्या नामांकित गिटारींना असते.

लाकूड आलं म्हणजे हवा आली. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती सहज ८०-९० टक्क्यांवर जाते. वरची फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. मे महिन्यातल्या नागपुरात उलट होतं. फळी आक्रसते, खोल बसते, कधी तिला चीर जाते आणि फ्रेटची टोकं दांडीच्या कडेनं बोटांना टोचू लागतात. उपाय साधे आहेत. वाजवून झाल्यावर गिटार केसमध्ये ठेवावी, पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नये आणि तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात. स्वस्त गिटारची वरची फळी बहुधा प्लायची असते. तिचा आवाज बेताचा असतो, पण हवेतले हे चढउतार ती निमूट सोसते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा आकडा आहे बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे तो. याला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. पोलादी तारांच्या गिटारवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. शाळेतली फूटपट्टी लावून ते पाहता येतं. नव्या स्वस्त गिटारवर हे अंतर पुष्कळदा चार मिलिमीटरपर्यंत असतं. अशा गिटारवर कॉर्ड धरताना बोटं सोलवटतात आणि माणूस ‘आपली बोटंच गिटारची नाहीत’ असं ठरवून मोकळा होतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून ‘सेटअप’ करून घेतला की तीच गिटार वाजवण्याजोगी होते. गिटारसाठी ठेवलेल्या पैशातला थोडा भाग या कामासाठी राखून ठेवावा.

अंगठा आणि एलिझाबेथ कॉटन

सुरुवातीला ई मायनर, जी, सी आणि डी या चार कॉर्ड पुरतात. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवावं, म्हणजे कमी जोर लागतो. टोकांवरची कातडी तीन-चार आठवड्यांत घट्ट होते. खरी अडचण एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना येते. तेव्हा उजवा हात थांबवू नये. डाव्या हाताचा स्वर फसला तरी चालेल, ताल तुटता कामा नये. रोजची वीस मिनिटं रविवारच्या तीन तासांपेक्षा जास्त कामाची, कारण हाताची सवय झोपेत मुरते आणि खंड पडला की विरते.

यानंतर उजव्या हाताच्या बोटांनी वाजवण्याची पायरी येते, आणि तिथे एलिझाबेथ कॉटन यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्या जन्मल्या. लहानपणापासून घरकामं करून त्यांनी पैसे साठवले आणि गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. तारांचा क्रम न बदलता त्यांनी गिटार सरळ उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आणि बारीक तारा वर आल्या. बहुतेक वादक अंगठ्यानं खर्ज आणि बोटांनी सुरावट वाजवतात. कॉटन बोटांनी खर्ज आणि अंगठ्यानं सुरावट वाजवू लागल्या. ‘फ्रेट ट्रेन’ (मालगाडी) हे त्यांचं गाणं त्यांनी रचलं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढे लग्न, संसार, चर्चमधल्यांचा आग्रह यांत गिटार सुटली ती कित्येक दशकं.

उतारवयात त्या वॉशिंग्टनमध्ये संगीतज्ञ सीगर कुटुंबाच्या घरी कामाला होत्या. त्या घरात गिटार होतीच. साठीच्या आसपास ती पुन्हा हातात आली आणि जुनी गाणी परत बोटांत उतरली. त्या घरातल्या माइक सीगर यांनी कॉटन यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं आणि १९५८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. १९८५ मध्ये, नव्वदीत, त्यांना ग्रॅमी मिळालं. ते वादन आजही ऐकावं. त्यात वेग नाही, चमत्कृती नाही. खर्जाच्या दोन स्वरांची आलटून-पालटून चाललेली एकसारखी चाल आणि तिच्यावर निवांत चालणारी सुरावट, एवढंच आहे.

ही चाल शिकायची रीत ठरलेली आहे. सी कॉर्ड धरावी आणि अंगठ्यानं पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी असं एका लयीत वाजवत राहावं. दुसरं काही करू नये. शेजारच्या माणसाशी बोलतानाही अंगठा चुकेनासा झाला, की मग मधल्या बोटानं पहिली तार अंगठ्याच्या ठोक्याबरोबर छेडावी आणि नंतर तीच दोन ठोक्यांच्या मध्ये. इथे अंगठा अडखळतो, सगळ्यांचाच अडखळतो. लय निम्मी केली की पुन्हा चालू लागतो. यातून एका माणसाच्या हातून दोन वाद्यं वाजल्याचा भास होतो. गिटार एकट्यानं वाजवण्याचा निम्मा आनंद या भासातच आहे.

काळी चार म्हणजे जी, कॅपो पहिल्यावर

मराठी घरातली गिटार बहुतेक वेळा गाण्याच्या साथीला येते. गाणारी मावशी म्हणते, “माझी काळी चार.” गिटारवाला गोंधळतो, कारण त्याला सी, डी, जी माहीत. पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पट्ट्या गिटारवर आणण्याचं काम कॅपो, म्हणजे दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पाव मिनिटात करतो. काळी चार म्हणजे जी शार्प: कॅपो पहिल्या फ्रेटवर लावावा आणि जीच्या कॉर्ड वाजवाव्यात. काळी पाच हवी असेल तर त्याच जीच्या कॉर्ड, कॅपो तिसऱ्यावर. पुरुष गायकांची नेहमीची काळी एक म्हणजे कॅपो पहिल्यावर आणि सीच्या कॉर्ड. सीच्या पट्टीत एफ ही अवघड कॉर्ड येते, तिच्यात एका बोटानं आडव्या सगळ्या तारा दाबाव्या लागतात. ते जमेपर्यंत बारीक तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन धरली, तरी गाणं अडत नाही.

कोणती कॉर्ड कुठे, हा मात्र कानाचा प्रश्न आहे. आपल्या रागसंगीतात कॉर्ड नाहीत. चित्रपटसंगीतात त्या पक्क्या रुजवल्या त्या मुख्यतः गोव्याहून मुंबईत आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी. ‘यादों की बारात’ (१९७३) मधल्या ‘चुरा लिया है’ची सुरुवातीची गिटार गायक भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली. असं संगीत ऐकत वाढलेल्या कानाला कॉर्डची जाण आधीच असते, ती फक्त बोटांत आणायची.

यमनमधलं एखादं भावगीत घ्या. सी हा सा धरला तर सी कॉर्डमध्ये सा, ग, प येतात आणि डीमध्ये रे, तीव्र म, ध. या दोन कॉर्डवर यमन छान झुलतो. सवयीनं एफ वाजवली की तिच्यातला शुद्ध मध्यम घुसतो आणि यमन तिथेच मोडतो. भूपात म आणि नी वर्ज्य; तिथे सी आणि ए मायनर चालतात, पण जीमध्ये नी येतो. तेव्हा जीचा तेवढा स्वर गाळून नुसते प आणि रे वाजवावेत. असा विचार करताना रागही नीट कळतो आणि कॉर्डही.

तंबोऱ्याचा आधार हवा असेल तर तारा वेगळ्या लावता येतात. इंग्लंडचे डेव्ही ग्रॅहम (१९४०–२००८) यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली ‘डॅडगॅड’ ही रचना यासाठी फार सोयीची आहे. सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेटनी उतरवली की मोकळ्या तारा सा, प, सा, म, प, सा अशा लागतात. एका तारेवर दुर्गा वाजवत इतर तारा गुंजत ठेवता येतात.

तरीही गिटार तंबोऱ्यासारखी ऐकू येत नाही, आणि त्याचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट दांडीत ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ते बसवतात, त्यामुळे गिटारचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. पेटीवर जो आक्षेप घेतला गेला, तोच इथेही लागू पडतो. कानाला पटेल अशी ई कॉर्ड लावायला गेलं की सी कॉर्ड बिघडते; चूक कानाची नसते, तडजोड वाद्यातच असते. म्हणून ट्यूनरवर तारा लावाव्यात आणि पुढे जावं. मींड आणि श्रुती यांचीच ओढ असेल तर मार्ग वेगळा आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन फ्रेटच्या बंधनातून सोडवली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ती ऐकता येते.

किती आलं म्हणजे आलं

व्हिडिओवर बारा वर्षांची मुलं वाऱ्याच्या वेगानं वाजवताना दिसतात आणि चाळिशीतला नवशिका हिरमुसतो. त्यानं मोजमापच बदलावं. आपल्या आवडीची पाच गाणी आणि सोरचे किंवा कार्कासीचे दोन-तीन धडे कागद न पाहता, न अडखळता यावेत, एवढा संसार पहिल्या वर्षा-दोन वर्षांसाठी भरपूर आहे. नवं गाणं घेताना जुनं मोडू देऊ नये. महिन्यातून एकदा स्वतःचं वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावं. लय कुठे पळते आणि कोणती तार दाबली जात नाही, ते वाजवताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतं. तारा मळकट आणि बोथट वाटू लागल्या की बदलाव्यात. दमट हवेत ती वेळ लवकर येते.

आणि घरातल्या कुणाला तरी गायला बसवावं. गाणाऱ्याला स्वतःची पट्टी सोडावी लागली नाही, कडव्यामध्ये श्वास घ्यायला थांबलेल्या माणसासाठी गिटार थांबली आणि शेजारच्या खोलीतून कुणी दार लावून घेतलं नाही, तर हौशी वादक आपल्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला म्हणायला हरकत नाही.